फूड मॉल डाव्या हाताला होता

मनू,

फोन कट केलास ते बरंच केलंस, अजून दोन मिनिटं बोललो असतो तर आणखी वाईट बोललो असतो. आई म्हणाली आता दोन दिवस फोन करू नका, म्हणून टाइप करतोय. चष्मा लावून, एका बोटाने. मोठं होणार आहे आणि चुका असणार, ऑफिसात वाचू नकोस.

पहिलं म्हणजे, तुझ्या गाडीच्या दुरुस्तीच्या ३२ हजारांचं मला काही नाही. खरंच नाही. बंड्या म्हणाला की इंजिन तापून गॅस्केट (हेडखालचं सील) उडालं, हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग काढून फेसिंगला, घासून सपाट करायला दिलंय, तेव्हा माझ्या डोक्यात पैसे आलेच नाहीत. माझ्या डोक्यात आलं की पुण्याकडे जाताना एक्सप्रेसवेवर खालापूरचा टोल संपला की फूड मॉल डाव्या हाताला येतो. टेंपरेचरचा लाल दिवा टोलच्या आधी लागला होता असं तू स्वतः म्हणालीस. मग तिथे वळली का नाहीस? एवढंच विचारायचं होतं, ते ओरडून विचारलं. आणि तुझी गाडी बंद पडून तीन दिवस झालेत हे मला तुझ्या भावाकडून कळतं, तो राग पण त्यातच मिसळला.

मग तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही तरी कधी थांबलात?"

त्याचं उत्तर देतो. आधी गाडीचं बोलू, ते मला सोपं जातं.

तुझ्या गाडीत टेंपरेचरचा काटा नाहीये, नुसते दिवे आहेत. सकाळी चालू केलीस की निळा लागतो, म्हणजे इंजिन थंड आहे, तो थोड्या वेळात विझतो आणि मग काहीच दिसत नाही, सगळं ठीक म्हणून. थेट लाल दिसतो तेव्हा वेळ आधीच गेलेली असते. काट्याच्या गाडीत निदान चढताना दिसायचा. म्हणून लाल दिवा म्हणजे 'पुढे कुठेतरी दाखवून घेऊ' असं नसतं. एसी बंद, डावी लेन, जी सुरक्षित जागा पहिली दिसेल तिथे बाजूला घेऊन इंजिन बंद. थांबायला जागाच नसेल तर काचा खाली करून हीटर फुल करायचा, उकडून जीव जातो पण इंजिनची थोडी उष्णता आत खेचली जाते, तेवढंच एखादं किलोमीटर मिळतं. आणि तू म्हणालीस ना की मधे दिवा विझला होता म्हणून तुला वाटलं बरं झालं? अगं, कधीकधी पाणीच इतकं उतरतं की सेन्सर कोरडा पडतो आणि खोटं सांगायला लागतो. तो विझला तेव्हाच बहुतेक तुझा होज पाइप पुरता रिकामा झाला होता आणि त्यानंतर तू घाट चढवलास. बाकी रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडलं नाहीस हे मात्र शाबास. माझ्या बरोबरच्या एका ड्रायव्हरचा हात अजून पांढरा आहे त्यापायी.

लाल आणि पिवळ्यातला फरक तुला माहितीये, तरी सांगतो. पिवळं म्हणजे सावकाश ने आणि दाखव. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा स्थिर असेल तर घाई नाही, पण लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होतंय, म्हणजे पेट्रोल नीट जळत नाहीये, तसंच दामटलंस तर सायलेन्सरच्या लाइनमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धूर साफ करणारा डबा, जळतो आणि त्याची किंमत ऐकून तुला ३२ हजार स्वस्त वाटतील. एबीएसचा पिवळा लागला तर साधा ब्रेक लागतो, फक्त जोरात दाबला तर चाकं लॉक होऊन गाडी घसरू शकते, म्हणून अंतर ठेव. ब्रेकचा लाल लागला तर आधी हँडब्रेक बघ (तू विसरतेस), तो खाली असेल तर ब्रेक ऑइल कमी आहे, मग गाडी हलवायची नाही. बॅटरीचा लाल म्हणजे बॅटरी संपली असं नाही, चार्जिंग बंद झालंय, बेल्ट तुटला असेल, आणि काही गाड्यांत तोच बेल्ट पाण्याचा पंप फिरवतो, म्हणजे पाठोपाठ टेंपरेचर आलंच. आणि ती झारी, टोकाला थेंब असलेली, ती ऑइलची. ती चालत्या गाडीत लाल पेटली तर तिथेच, त्या क्षणी, बाजूला घेऊन बंद. ती तेल किती उरलंय ते सांगत नाही, तेल फिरत नाहीये हे सांगते.

बघ, लेक्चर झालंच. सॉरी. झारीबद्दल मला जास्त बोलायचं होतं म्हणून बाकीचं आलं.

१९९७ चा जुलै. बंड्या तीन वर्षांचा, तू आईच्या पोटात. मी वागळे इस्टेटच्या त्या कंपनीची स्टाफ बस चालवायचो, अंबरनाथ-कल्याण-शीळफाटा-मुंब्रा-कळवा-ठाणे, पहिली शिफ्ट सातची आणि ६:५५ ला गेटवर पाहिजे म्हणजे पाहिजे. तुम्हा दोघांना मी लहानपणापासून ऐकवत आलो ना, उशीर म्हणजे इज्जत गेली, ते तिथलंच. अकरा वर्षांत माझी बस लेट झाली नव्हती. तर त्या दिवशी शीळफाट्याला ऑइल प्रेशरचा काटा पडला. एकदम शून्य. बसमध्ये ४२ माणसं, बाहेर पाऊस, मी म्हटलं वायर लूज असेल, आधीही एकदा झाली होती. टिचकी मारली त्या मीटरवर. आणि चालवत राहिलो. मुंब्रा गेलं, कळवा नाका गेला, खडखड यायला लागली तरी म्हटलं आता खाडीचा पूल ओलांडला की पोचलोच. पुलावर इंजिन बसलं.

हे तुला माहितीये, 'बाबांची बस पुलावर बंद पडली' एवढं घरात सगळ्यांना माहितीये. पुढचं मी सांगितलं नाही. मागच्यांना इशारा द्यायला रस्त्यावर ठेवतात तो त्रिकोण-बिकोण काही नव्हता, मागचे दिवे अर्धे गेलेले. मी क्लीनरला म्हटलं जा, मागे उभा राहून गाड्या वळव. एकोणीस-वीसचा पोरगा. डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी घालून, लाल फडकं घेऊन, बसच्या अगदी मागे चिकटून उभा राहिला, कारण मी त्याला लांब जा असं सांगितलंच नाही. टेंपोवाल्याला पावसात बस दिसली, तो दिसला नाही. पाय दोन ठिकाणी मोडला. वाचला, पण नंतर नीट चालला नाही कधी. मला एक मेमो मिळाला. इंजिनसाठी. पायासाठी मला कोणी काही विचारलं नाही.

तर मनू, तुझं उत्तर हे आहे. नाही थांबलो.

बंड्या म्हणाला तू क्रेन येईपर्यंत सव्वा तास हॅझर्ड (चारी इंडिकेटर) लावून गाडीतच बसलीस आणि वर आठचा कॉल अटेंड केलास. आईला हसू आलं. मला एक मिनिट अभिमान पण वाटला, खोटं कशाला बोलू, घाटात बंद पडलेल्या गाडीतून माझी मुलगी मीटिंग करते. आणि मग रात्रभर झोप नाही. शोल्डर, म्हणजे रस्त्याच्या कडेची पट्टी, ही बसायची जागा नाही गं. घाटात तीच लेन पकडून ट्रक रांगत असतात, ड्रायव्हर रात्रभर जागा असतो, उभ्या गाडीच्या मागे तो तसाच येऊन लागतो. डाव्या दाराने उतरायचं, रेलिंगच्या पलीकडे जायचं, पलीकडे दरी असेल तर आधी नीट बघून, आणि गाडीपासून लांब. त्रिकोण निदान ५० मीटर मागे, वळण असेल तर वळणाच्याही मागे, येणाऱ्याला वळायच्या आधीच दिसेल असा. तो लावायला जाताना तोंड येणाऱ्या गाड्यांकडे. बोगद्यात बंद पडायची लक्षणं दिसली तर जमेल तितकं रेटून बाहेर काढायची. फोन करायचा तर ११२, कोणाला लागलं असेल तर १०८. मग मला. आठचा कॉल त्याच्यानंतर.

आणि हॅझर्ड उभ्या गाडीला लावायचे असतात. पाऊस आला की घोडबंदरला निम्मी जनता चालत्या गाडीत चारी दिवे लुकलुकवत जाते, मागच्याला कळत नाही हा थांबलाय की चाललाय की लेन बदलतोय. तू पण करतेस, मी बाजूला बसलो होतो गणपतीत.

एकदा थांबलोय बरं का. २६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला तो दिवस, आपल्याकडे पण खाडी आणि रस्ता एकच झाला होता. संध्याकाळी बस घेऊन परत येत होतो, पुढे पाणी, दुभाजकाचा फक्त वरचा रंग दिसत होता. लोक म्हणाले काढा हो, बस उंच आहे. मी चढावर लावली आणि किल्ली खिशात घातली. शिव्या दिल्या सगळ्यांनी, एक जण उतरून चालत गेला. इंजिनाने पाणी ओढलं की संपलं, आणि पाण्यात बंद पडलेली गाडी परत स्टार्टर मारून बघायची नसते, इंजिनाच्या आतले रॉड वाकतात. पण तेव्हा मी इंजिनाचा विचार करत नव्हतो, त्या लाल फडक्याचा करत होतो. रात्रभर बसमध्ये बसलो, कोणाकडे पारले होते. त्या रात्री मुंबईत माणसं बंद गाडीत, काच उघडली नाही म्हणून गेली, ते दुसऱ्या दिवशी कळलं. तू दुपारी मला बघून बोलली नाहीस, रुसली होतीस, मी सांगून आलो नव्हतो ना.

आता पण रुसलीयेस. असू दे. पण मनू, फूड मॉल डाव्या हाताला होता. बरं, नाही बोलत.

बंड्या शनिवारी येतोय तिकडे. त्याच्याकडे त्रिकोण, टॉर्च, ते पिवळं चमकणारं जाकीट आणि पाच लिटरचा पाण्याचा कॅन दिलाय. जाकीट डिकीत नको, सीटखाली ठेव. आईने भाजणी दिलीये. गॅरेजवाल्याला विचार कूलंट (इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमध्ये घालतात ते) कोणतं घातलंय, त्या बाटलीचा फोटो काढून ठेव, वर भरताना दुसरं मिसळू नकोस आणि नुसतं नळाचं पाणी घालून महिनोन्महिने फिरवू नकोस.

सोमवारी गाडी चालू केलीस की निळा दिवा किती मिनिटांत विझतो ते बघून मला कळव. नुसता आकडा टाकलास तरी चालेल.

बाबा