चिकटवलेला कागद म्हणजे चित्र नाही?

संपादक साहेब, भाचीने चित्रस्पर्धेत कोळशाने मंडई काढली आणि भाजीच्या गाळ्यावर खऱ्या पेपरचा तुकडा चिकटवला, तर परीक्षक म्हणे हे ड्रॉइंग नाही, हस्तकला आहे. फार वाईट वाटलं. अहो १९१२ मध्ये फ्रेंच चित्रकार जॉर्ज ब्राकने फ्रान्समधल्या आविन्यों शहरातल्या दुकानातून लाकडाच्या रेषा छापलेला वॉलपेपर आणला, त्याच्या पट्ट्या कापून कागदावर चिकटवल्या आणि कोळशाने द्राक्षं न ग्लास काढला! लाकूड खोटं, कागद खरा, नजर तिथेच अडकते. मग पिकासोनेही पेपरचे तुकडे लावले. शंभर वर्षं उलटली तरी पुण्यात हे पटवून द्यावं लागतं? नियमांत मिश्र माध्यमाला जागा द्या, आणि बालगंधर्वच्या कलादालनात मुलांच्या अशा चित्रांचं प्रदर्शन भरवाच.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे