आप्पा, तुमचे दोन ड्रिल बिट माझ्याकडून येणं आहेत

ती. आप्पा,
सा. नमस्कार.

पुण्याहून रोबोंच्या लढती खेळून आलो त्याच दिवशी गॅरेजवर यायचं होतं. पण दुसऱ्या दिवसापासून सबमिशन सुरू झालं आणि येणं राहूनच गेलं. तसंही समोर उभा राहून आभार मानायला लागलो की तुम्ही चहा सांगता आणि विषय बदलता. म्हणून इथे चारचौघांत लिहितोय. नातवाकडून वाचून घ्या.

जानेवारीत मी पहिल्यांदा आलो तेव्हा तुम्ही एका ट्रकचे पाटे उतरवत होता. मुंबई-आग्रा हायवेवरची सगळी धूळ त्या पाट्यांवर होती. माझ्या पिशवीत ॲक्रिलिकच्या, म्हणजे काचेसारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या, पेटीचे सहा तुकडे. "हाई काय शे भो?" फायटिंग रोबो, मी म्हटलं. बंद पिंजऱ्यात दोन रोबो सोडतात, एकाने दुसऱ्याला फोडायचं, वजन मात्र १ किलो ३६० ग्रॅमच्या आत. तुम्ही हसाल असं वाटलं होतं. तुम्ही विचारलंत, "मार कुठून बसतो?"

तोवर मी फक्त 'सगळ्यात मजबूत काय' एवढंच शोधत होतो. टायटॅनियम, कार्बन फायबर, विमानाचं ॲल्युमिनियम. भाव बघायचा आणि वही मिटायची.

तुम्ही काही समजावत बसला नाहीत. ऐरणीवर ॲक्रिलिकचा तुकडा ठेवून कडेला हातोडी मारलीत, तो काचेसारखा उडाला. मग पीव्हीसी पाईपचा तुकडा, त्याला उभी चीर गेली. शेवटी शेतातल्या काळ्या एचडीपीई पाईपचा तुकडा ठेवलात. हातोडी उसळून परत आली आणि तुकड्यावर नखाएवढा खळगा पडला, बस. "वाकनं ते सरळ करता येस. फुटनं ते काय करशी?" हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

माझा हट्ट तरी लोखंडाचाच होता. मग हिशेब तुम्हीच करायला लावलात. १५० बाय १५० मिलीमीटरची ३ मिलीमीटर जाड लोखंडी प्लेट, नुसता तळ, ५३० ग्रॅम. आणि त्याच लांबीच्या, ४५ मिलीमीटर उंचीच्या, १२ मिलीमीटर जाड एचडीपीईच्या चारही भिंती मिळून ३०८. हे प्लास्टिक पाण्यावर तरंगतं, हे मी लहानपणापासून विहिरीत बघत आलोय, पण ते इथे कामाला येईल हे डोक्यात आलं नव्हतं. तळाला शेवटी २ मिलीमीटर ॲल्युमिनियम घेतलं, १२१ ग्रॅम.

एवढी जाड शीट धुळ्यात सुटी कोण देणार? पाणी योजनेच्या मोठ्या पाईपचा उरलेला तुकडा तुम्हीच कुठून तरी आणलात. उभा चिरला, दोन लोखंडी प्लेटांमध्ये धरून मंद आचेवर तापवला, आणि वाईसमध्ये आवळून रात्रभर ठेवला. मला घाई होती, मी संध्याकाळीच वाईस सैल केला होता. सकाळी तो पुन्हा पाईप व्हायला निघालेला. तुम्ही काही बोलला नाहीत, परत तापवायला घेतलात. आज सांगतो, वाईस मीच सोडला होता. तुम्हाला कळलंच असणार म्हणा.

वरच्या झाकणासाठी मी पॉलिकार्बोनेट म्हणून घेऊन आलेली शीट तुम्ही हातात घेऊन नुसती वाकवलीत आणि ती कटकन तुटली. ॲक्रिलिकच होतं ते, दुकानदाराने मामा बनवला. खरं पॉलिकार्बोनेट पत्र्यासारखं वाकतं. पण त्यातही मी माती खाल्ली. नट सुटू नयेत म्हणून आट्यांना लावायचं ते निळं लिक्विड भोकांत सोडलं आणि दोन दिवसांत प्रत्येक भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा. ते लिक्विड पॉलिकार्बोनेटला चालत नाही, हे मला नंतर वाचून कळलं. दुसऱ्या झाकणाला नायलॉनचे लॉकनट लावले.

पुढच्या तिरक्या पात्याला सॉ मिलमधली जुनी आरा-पट्टी हा तर तुमचाच शोध. सव्वा मिलीमीटर जाड, वजन ८५ ग्रॅम, आणि चांगलीच कडक. तिला भोक पाडताना मी दोन बिट मोडले. तिसऱ्याला तुम्ही हात धरलात. भोकाची जागा तेवढीच लाल केलीत, हळूहळू निवू दिलीत, मग साधा बिट लोण्यात गेल्यासारखा गेला. बाकी पट्टी होती तशी कडक राहिली. पट्टी आणि भिंतीमध्ये ट्रकच्या ट्यूबचा रबर घालायला लावलात, तेव्हा मला ते उगाच वाटलं होतं.

आता निकाल. दुसऱ्या लढतीत समोरच्याचं फिरतं पातं सरळ आपल्या पट्टीवर आलं. पट्टी वाकली, स्क्रू एकही तुटला नाही. हातोडीने सरळ केली आणि पुन्हा उतरलो. भिंतींवर खोल खाचा आहेत, प्लास्टिकच्या मिशा निघाल्यात, चीर कुठेच नाही. हरलो तिसऱ्या लढतीत, बॅटरीची वायर सुटली म्हणून. ते सोल्डरिंग माझं होतं.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, आणि घेणारही नाही हे माहीत आहे. पण मोडलेले बिट पाच मिलीमीटरचे होते. तसेच दोन नवे आणि अर्धा किलो शेव घेऊन रविवारी येतो. खाचा पडलेली भिंतही आणतो. तिच्यावर एकदा हातोडी मारून बघा.

तुमचा,
पिशवीवाला पोऱ्या