हिरव्या स्फटिकांबद्दल, आई-बाबांना

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगितलं असतं, पण बाबा मध्येच "बरं, बरं" म्हणून विषय बदलतात आणि आई एकदम गप्प होते, म्हणून लिहितेय. हिरव्या स्फटिकांवरचा माझा तो संशोधनाचा पेपर मी मागे घेतेय. संपादकांना पत्र सोमवारीच गेलं. त्यामुळे कायमच्या नोकरीसाठी यंदा अर्ज करणार नाही, आणि अजून दोन वर्षं इथेच राहीन. मार्चमध्ये सगळं सामान घेऊन येते म्हटलं होतं, ते आता होणार नाही.

बाबा, तुम्ही त्या पेपरचं पान फ्रेम करून लावलंय, म्हणून काय चुकलं ते नीट सांगते. आमचं मॉलिब्डेनम या धातूचं संयुग निळं होतं. एका बाटलीत मात्र हिरवे स्फटिक आले. क्ष-किरणांनी मोजलं, तर मॉलिब्डेनम आणि ऑक्सिजनमधला बंध निळ्यात सुमारे 1.7 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग), हिरव्यात 1.8. बाकी सगळं तेच. रेणू एकच, फक्त एक बंध ताणलेला, असं मी लिहून मोकळी झाले.

पण क्ष-किरणांना एकेक रेणू दिसत नाही, स्फटिकातल्या असंख्य रेणूंची सरासरी दिसते. काही रेणूंत ऑक्सिजनच्या जागी क्लोरिन बसला होता. तो धातूपासून लांब बसतो, जवळजवळ 2.4 वर. त्याने सरासरी ओढली. आणि ते क्लोरिनवालं संयुग पिवळं. निळ्यात पिवळं मिसळलं की काय होतं, हे तुम्हीच मला शिकवलंत ना, रंगपेटीतली हिरवी वडी संपली म्हणून मी रडत बसले होते तेव्हा? तुमच्या बोटांना किती दिवस रंग होता!

हे मोठमोठ्यांच्या बाबतीतही झालंय. 1971 साली रसायनशास्त्रज्ञ जोसेफ चॅट आणि सहकाऱ्यांनी अशाच निळ्या-हिरव्या जोडीचं वर्णन केलं होतं. वीस वर्षांनी, 1991 मध्ये, जेरार्ड पार्किन यांच्या गटाने दाखवलं की हिरवं म्हणजे पिवळं मिसळलेलं निळंच. मी हे वाचलं होतं. आमचे लिगंड, म्हणजे धातूला जोडलेले अणुगट, वेगळे, आमच्याकडे तसं नसणार, असं मी धरून चालले.

गटात नवीन आलेला मुलगा तोच प्रयोग तीनदा करून बघत होता. दर वेळी हिरवा वेगळा, कधी पोपटी, कधी गर्द. शुद्ध पदार्थाचा रंग असा बदलत नाही. मी त्याला म्हटलं, तुझा हात अजून बसला नाही. आई, मला त्याच वाक्याने झोप येत नव्हती. त्याची माफी मागितली, मग ग्लोव्ह बॉक्समध्ये, म्हणजे बाहेरची हवा न शिरणाऱ्या बंद पेटीत हात घालून, दोघांनी बसून सगळं पुन्हा केलं. बाकीचे अकरा पेपर आहेत तसे आहेत, पण त्यातले दोन याच कुळातल्या संयुगांवर आहेत. तेही तपासल्याशिवाय मला पुढचं काम सुचणार नाही. नोकरीच्या मुलाखतीत पहिल्यांदा याच पेपरबद्दल विचारलं असतं, आणि मला मान खाली घालून उत्तर द्यायचं नव्हतं.

माझी काळजी करू नका. खोली उबदार आहे, लॅब चालत दहा मिनिटांवर. रात्री आठनंतर थांबत नाही. पेट घेणारी द्रव्यं मी एकटी कधीच हाताळत नाही, चष्मा-हातमोजे असतातच. आई, जेवण वेळेवर होतं, खरंच.

आता तुमचं. बाबा, रक्तदाबाची गोळी बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही. मागच्या वेळचं आठवा. पहाटे उठलात तर आधी दिवा लावा, मग पाय खाली टाका. आई, गुडघा या आठवड्यात दाखवून घे. "बघू" हे उत्तर मी ऐकणार नाही. ऑगस्टमध्ये तीन आठवडे येतेय, तिकीट काढलंय.

आणि ती फ्रेम. तुम्हाला काढवणार नाही, हे मला माहीत आहे, आणि काढाच असं म्हणतही नाही. फक्त कुणाला दाखवू नका. मागे घेतल्याची सूचना छापून आली की पाठवते, एकाच पानाची असेल. तीही त्याच काचेखाली लावा, बाबा.

तुमची,
छकुली