चिकाच्या थरांतून उमटलेली चित्रे

महोदय,

आधुनिक आशियाई चित्रकलेची चर्चा बहुधा चीन-जपानपाशीच थांबते, म्हणून व्हिएतनामचे न्गुयेन झा ची (1908–1993) यांच्याविषयी लिहावेसे वाटते. फ्रेंचांनी 1925 मध्ये हनोईत सुरू केलेल्या कलाशाळेत त्यांनी पाश्चात्त्य रेखाटन, यथार्थदर्शन व रचना आत्मसात केली. मात्र माध्यम म्हणून तैलरंगांऐवजी, मंदिरांतील मूर्ती व लाकडी कामावर पिढ्यान्‌पिढ्या चढवले जाणारे, झाडाच्या चिकाचे रोगण निवडले. (आपल्या सावंतवाडीच्या गंजिफांवरील लाख किड्यांपासून मिळते, ही सामग्री निराळी.) थरावर थर चढवायचे, मध्ये अंड्याच्या कवचाचे तुकडे व सोन्याचा वर्ख बसवायचा आणि मग पाण्याने घासत दडलेले रंग वर आणायचे, अशी ही पद्धत असल्याने चित्र जितके रंगवण्यातून तितकेच झिजवण्यातून घडते. वसंतातील उद्यानाचे त्यांचे नऊ फलकांचे भव्य चित्र 2013 मध्ये राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित झाले. पुढे 2019 मध्ये चुकीच्या सफाईमुळे त्याची हानी झाल्याचे उघडकीस आले, हे मला विशेष खटकले. आपल्या रविवार पुरवणीत या माध्यमाच्या जतनाविषयी एखाद्या जाणकाराचा लेख यावा, ही विनंती.

– एक वाचक, सांगली