गजकर्णावरचे उपचार आणि न विचारला जाणारा प्रश्न

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत आणि नायटा, म्हणजेच गजकर्ण, डोके वर काढतो, हे आम्हा कोकणवासीयांना नवे नाही. मात्र पूर्वी काही आठवड्यांच्या मलमाने बरा होणारा हा विकार आता महिनोन् महिने हटत नाही, हे गेले वर्षभर आम्ही घरातच पाहिले. माझ्या यजमानांच्या जांघेतील चट्ट्यावर आधी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली ट्यूब लावली. तीन दिवसांत खाज थांबली आणि ट्यूब बंद करताच चट्टा दुप्पट पसरला. तिच्यात बुरशीनाशकाबरोबर क्लोबेटासॉल हे तीव्र स्टिरॉइड होते. त्याने लाली आणि खाज दबते, पण त्वचेचा प्रतिकार मंदावल्याने बुरशी आतून फोफावते. अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नयेत म्हणून केंद्र सरकारने २०१८ मध्ये नियम कडक केले, तरीही आम्हाला ती कोणी काही न विचारता दिली, याची खंत वाटते.

त्यातच ‘ट्रायकोफायटन इंडोटिनिआय’ असे २०२० मध्ये नामकरण झालेली बुरशी आता आपल्याकडे सर्रास आढळते आणि ती अनेकदा टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला दाद देत नाही. यजमानांना त्वचारोगतज्ज्ञांनी इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल सुरू केल्या. उपचार लांबले की माणूस वैद्यांकडेही जातो आणि त्यात मला गैर काही वाटत नाही. ज्या टाकळ्याची भाजी आपण श्रावणाआधी खातो, त्याचे संस्कृत नावच ‘दद्रुघ्न’, म्हणजे गजकर्णाचा नाश करणारा, असे आहे.

वैद्यांनी आरोग्यवर्धिनी आणि पित्तासाठी शंखभस्म दिले. यजमानांनी मात्र कॅप्सूलविषयी वैद्यांना सांगितले नाही आणि भस्माविषयी डॉक्टरांना सांगितले नाही. दोघेही रागावतील अशी त्यांना धास्ती होती. गुण का येत नाही, या कोड्यात डॉक्टर पडले असताना मी सगळी पाकिटे त्यांच्या टेबलावर ठेवली, तेव्हा कुठे उलगडा झाला. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल अंगी लागण्यासाठी जठरात आम्ल लागते आणि शंखभस्म तेच आम्ल कमी करते. शिवाय या कॅप्सूलमुळे यकृताला त्रास होऊ शकतो, आणि आरोग्यवर्धिनीत पारा व ताम्रभस्म असल्याने तीही देखरेखीखालीच घ्यायची असते. डॉक्टरांनी लगेच यकृताची तपासणी करून घेतली. वैद्यांनी तर सगळे ऐकून स्वतःहून पोटात घ्यायची औषधे थांबवली आणि कडुनिंबाच्या काढ्याने धुणे तेवढे चालू ठेवले, तेही डॉक्टरांना विचारून. या दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला नावे ठेवली नाहीत, हे मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते. मुलालाही चट्टे होते. त्याचेही उपचार सोबतच झाले, प्रत्येकाचा टॉवेल वेगळा केला, आणि दहा आठवड्यांनी दोघांचीही त्वचा स्वच्छ झाली.

या वर्षभरात कोणत्याही दवाखान्यात ‘दुसऱ्या कोणाचे औषध चालू आहे का?’ असे कोणी आपणहून विचारले नाही. सरकारी रुग्णालये, खासगी दवाखाने आणि आयुर्वेदिक चिकित्सालये यांच्या केसपेपरवर, रुग्णाच्या वयाखालीच, ‘इतर पद्धतींची चालू औषधे’ असा एक रकाना छापावा आणि तो भरल्याशिवाय रुग्णाला आत घेऊ नये, अशी माझी आरोग्य विभागाला आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे.

आपली,
एक वाचक, चिपळूण