दिनविशेषात कोटणीस हवेत

महोदय,

ऑक्टोबरचा उकाडा सुरू होण्याआधी जो काय सकाळचा गारवा असतो, तेवढ्यात मी आपले ‘दिनविशेष’ सदर वाचून घेतो. १० ऑक्टोबरच्या सदरात जागतिक मानसिक आरोग्य दिन आणि आर. के. नारायण यांची जयंती होती. मात्र १९१० साली याच दिवशी सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस नव्हते. १९३८ मध्ये काँग्रेसने जपानशी लढणाऱ्या चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून गेलेल्या या तरुणाने आघाडीवरील जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या, पुढे कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा सांभाळली आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, तिथेच देह ठेवला. योगायोग असा की, चीनमधील राजेशाही उलथवणारा वुचांगचा उठाव १० ऑक्टोबर १९११ रोजी, म्हणजे कोटणिसांच्या पहिल्याच वाढदिवशी झाला. शाळांच्या परिपाठासाठी मुले फळ्याच्या कोपऱ्यात खडूने दिनविशेष लिहितात, तो बरेचदा वर्तमानपत्रातूनच उतरवलेला असतो. त्यामुळे इथे सुटलेले नाव तिथेही सुटते. निदान सोलापूर आवृत्तीत तरी पुढील वर्षी ही नोंद यावी. तोवर ९ डिसेंबरची पुण्यतिथी आहेच.

– एक वाचक, सोलापूर