दिव्यांच्या रात्रीबद्दल, सोनूस

शार्लट,
७ सप्टेंबर २०२५

चि. सोनू हिस,
अनेक आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात तुझ्या जाहिरातीच्या कामाबद्दल बोलताना फोनवर तू म्हणालीस, "आई, मी दिवसभर लोकांना नको असलेल्या गोष्टी त्यांच्या डोळ्यांपुढे नाचवत बसते." मग तुला मीटिंग होती, फोन ठेवलास. ते वाक्य आठवडाभर माझ्या डोक्यातून जात नाहीये. फोनवर मला असलं काही धड सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

हम्पी व्हीलर गेले, इथल्या मोटार शर्यतींच्या मैदानाचे अनेक वर्षांचे प्रमुख. २० ऑगस्टला, वयाच्या ८६व्या वर्षी. तुला नाव ओळखीचं वाटणार नाही, पण आवाज ओळखीचा आहे. तू सहा-सात वर्षांची असताना आपल्याकडे 'कार्स' हा बोलक्या गाड्यांचा कार्टून सिनेमा रोज लागायचा. त्यातली बोनेटवर शिंगं लावलेली ती दांडगी कॅडिलॅक, टेक्स, तिला त्यांचाच आवाज होता. बैलपोळ्याच्या बैलासारखी दिसते म्हणून तुझे आजोबा तिला बघून खूश व्हायचे.

मी व्हीलरना कधी भेटले नाही. त्यांच्या हाताखाली कामही केलं नाही. पण तीस वर्षं जाहिरातीच्या धंद्यात जे काही केलं, त्याची सुरुवात त्यांनी घडवलेल्या एका रात्रीपासून झाली.

१९९१ च्या हिवाळ्यात लग्न होऊन मी इथे अमेरिकेत आले. इचलकरंजीची पोर, चोवीस तास मागांचा खडखडाट ऐकत वाढलेली. इथली शांतता मला खायला उठायची. आमच्या शेजारी एक म्हाताऱ्या बाई राहायच्या. कनॅपोलिसच्या टॉवेलच्या गिरणीत त्यांची सगळी नोकरी झालेली. माझे वडील मागावर होते म्हटल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बोटं उलटीसुलटी करून बघितली. तेव्हापासून त्यांनी मला घरचीच मानलं. पुढच्या मे महिन्यात त्यांनीच आम्हा दोघांना शर्यतीची तिकिटं दिली. मला जायचं नव्हतं. गाड्या गोल गोल फिरणार, त्यात बघायचं काय?

१६ मे १९९२, शनिवार. शार्लट मोटर स्पीडवे, म्हणजे खरं तर शेजारच्या कॉन्कॉर्डमध्ये. दीड मैलाचा ट्रॅक आणि लाखावर माणसं. ऊन उतरलं, अंधार पडला आणि दिव्यांखाली गाड्या बाहेर आल्या. सोनू, मी तसे रंग त्याआधी बघितले नव्हते. दिवसा मळकट दिसणारा पत्रा रात्री काचेच्या बांगडीसारखा चमकत होता. गाडी खाली घासली की ठिणग्यांची शेपटी निघायची. शेजारच्या बाई उभ्या राहून ओरडत होत्या आणि मी कधी उभी राहिले ते मला कळलंही नाही. शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट पुढे होता, तो गरकन फिरला. मग डेव्ही ॲलिसन आणि काइल पेटी जवळजवळ एकदमच रेषेवर आले, एकमेकांना घासले आणि ॲलिसनची गाडी जिंकून तशीच भिंतीवर आदळली. त्याला हेलिकॉप्टरने दवाखान्यात नेलं. विजेत्याचा सत्कार करायचा, तर विजेताच जागेवर नव्हता.

हे दिवे कसे लागले ते मला नंतर समजलं. ही ऑल-स्टार, म्हणजे निवडक ड्रायव्हरांची, शर्यत तिची प्रायोजक सिगारेट कंपनी दुसरीकडे न्यायच्या विचारात होती. बैठकीत व्हीलर बोलून गेले, आम्ही ती रात्री घेऊ, दिव्यांखाली. दीड मैलाच्या ट्रॅकवर तोवर कुणी असं केलेलं नव्हतं. हातात आराखडा नाही, फक्त शब्द दिलेला. अडचण अशी की खांब उंच आणि दाट लावले तर बघणाऱ्यांच्या आड येतात, आणि दिवे बुटके ठेवले तर ताशी दीडशे मैलांच्या वर गाडी हाकणाऱ्याच्या डोळ्यांत घुसतात. शेवटी आयोवाच्या मस्को या दिव्यांच्या कंपनीने मार्ग काढला. दिवे जमिनीलगत ठेवायचे, झोत आरशांवर टाकायचा आणि आरशांवरून तो रस्त्यावर पाडायचा. ड्रायव्हर दिपला नाही आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या डोळ्यांपुढे खांब आला नाही.

मला तेव्हा खासबाग आठवलं. कोल्हापूरचं कुस्त्यांचं मैदान, शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून घेतलेलं. मध्ये आखाडा आणि भोवती चढत गेलेली बैठक. कुठेही बसा, पैलवानाची पकड दिसते. लहानपणी हट्ट करून मी बाबांबरोबर एकदा गेले होते. पार वरच्या कडेला बसलो होतो, तरी पैलवानाच्या पाठीला लागलेली तांबडी माती मला दिसत होती. आठवडाभर गावातून रिक्षा फिरायची, वर भोंगा, "चला चला चला, निकाली कुस्ती!" बाबांनी आठवड्याच्या पगारातून पैसे बाजूला काढलेले असायचे. त्या भोंग्याने कधी खोटं सांगितलं नाही, म्हणून तर ते दर वर्षी जायचे.

व्हीलर बेलमाँटचे, म्हणजे गिरणगावातलेच. तरुणपणी मुष्टियुद्ध खेळलेले. तिकीट काढणारा माणूस कुठल्या पैशातून ते काढतो हे त्यांना ठाऊक असणार, असं मला नेहमी वाटत आलंय.

आता तुला खास सांगायची गोष्ट म्हणजे जॅनेट गथ्री या शर्यतीच्या गाड्या चालवणाऱ्या बाईंची. १९७६ साली इंडियानापोलिसच्या 'इंडी ५००' शर्यतीसाठी त्यांची गाडी पुरेशी वेगवान निघाली नाही, पात्रता हुकली. व्हीलरनी त्यांना शार्लटला बोलावलं. उघड आहे, बाई शर्यतीत उतरणार म्हटल्यावर तिकिटं खपणार होती. पण त्यांनी बाईंना नुसतं मिरवलं नाही. इथल्या बँकेतल्या लिंडा फेरेरी यांना गाडी विकत घ्यायला राजी केलं, राल्फ मूडीसारखा मुरलेला माणूस गाडी तयार करायला मिळाला. ३० मेला ६०० मैलांच्या, म्हणजे चारशे फेऱ्यांच्या, शर्यतीत गथ्री शेवटपर्यंत टिकल्या आणि पंधराव्या आल्या. पुढच्या वर्षी इंडी ५०० मध्ये उतरणाऱ्या पहिल्या महिला त्याच. तमाशा म्हणून बघायला आलेले लोक घरी जाताना पंधराव्या नंबरावर बोलत गेले असतील. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी ऑफिसात मी एकटीच साडीच्या देशातून आलेली होते, तेव्हा ही गोष्ट मला फार उपयोगी पडली.

त्यांचं सगळंच मला पटत नाही. १९८४ ला शर्यतीआधी त्यांनी मैदानात अमेरिकेने ग्रेनाडा बेटावर केलेल्या स्वारीचा देखावा उभा केला, हेलिकॉप्टरं, सैनिक, धूर. वर्षसुद्धा झालं नव्हतं, माणसं मेली होती. ते मला आजही चुकीचं वाटतं. स्कूलबस उडवणं, गाड्या खाणारा यांत्रिक डायनासोर, ट्रॅकशेजारी बांधलेले फ्लॅट ज्यांना आधी लोक हसले आणि जे मग विकले गेले, ते सगळं ठीक.

आणि एक माझी गोष्ट, जी मी तुला आजवर सांगितलेली नाही. १९९६ साली एका फर्निचरच्या दुकानासाठी मी पत्रक केलं होतं. पहिल्या शंभर गिऱ्हाइकांना मुलांची लाकडी खुर्ची फुकट. मजकूर माझा, कल्पना माझी. दुकानात साठच खुर्च्या आल्या होत्या आणि मी आदल्या दिवशी जाऊन मोजल्या नव्हत्या. सकाळी अकराच्या सुमाराला एक माणूस आला, बरोबर चार वर्षांची मुलगी. त्याने खिशातून पत्रक काढलं. तुटक रेषेवरून ते कात्रीने इतकं नेटकं कापलेलं होतं की कोपरासुद्धा फाटला नव्हता. ते मुलीच्या हातात देऊन तो म्हणाला, दे तू. तिने मला दिलं. माझ्याकडे खुर्ची नव्हती.

मी त्यांचा पत्ता घेतला, पुढच्या शनिवारी माझ्या पैशाने खुर्ची विकत घेऊन नेऊन दिली. मुलगी तेव्हा झोपली होती. ती मला खुर्चीत बसलेली दिसली नाही, याची रुखरुख अजून आहे. त्या दिवसापासून ज्याची जाहिरात केली ते आदल्या दिवशी जाऊन हाताने मोजल्याशिवाय मी झोपले नाही. तुझ्या बाबांना विचार.

तू म्हणालीस, लोकांना नको असलेलं नाचवते. असेलही. पण मला सांग, तू जे विकतेस ते घेणाऱ्या एका तरी माणसाशी तू बोलली आहेस का? त्याच्या घरी ते कुठे ठेवलेलं असतं, माहीत आहे का? नसेल तर तुला नकोसं झालंय ते हे काम आहे की ती खुर्ची आहे, हे मला इथे बसून कळत नाही. नोकरी सोडायची तर सोड, मी अडवणार नाही. फक्त आधी जाऊन बघून ये.

दिवाळीला येतेच आहेस. त्या रात्रीच्या तिकिटाचा अर्धा तुकडा माझ्या शिवणाच्या डब्यात, सुयांच्या पुडीखाली आहे, तो दाखवीन. तू सध्या करतेयस त्या जाहिरातीचा कागद छापून आण, स्क्रीनवर नको. चकल्या तळून झाल्या की ओट्यापाशी बसून आपण दोघी तो वाचू.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
आई